साचलेले पाणी जिवंत ठेवू या



पावसाची वाट पाहणे मराठवाड्याच्या माणसाच्या रक्तातच आहे. रोहिण्या सरतात, मृग लागतो आणि सेलूपासून जिंतूरपर्यंत प्रत्येक शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडे लागतात. पाऊस आला की काळी माती तृप्त होते, पेरणीची लगबग सुरू होते. पण त्याच पावसाच्या मागोमाग एक न बोलावलेला पाहुणाही घरोघर येतो. गच्चीवरचा जुना टायर, अंगणातली फुटकी बादली, गोठ्यातली नांद, न वापरलेला कूलर अशा ठिकाणी पाणी साचते आणि काही आठवड्यांतच वस्तीत तापाचे रुग्ण दिसू लागतात. दवाखान्याच्या बाकावर मांडीवर तापलेले लेकरू घेऊन बसलेली आई हे दृश्य दरवर्षीचे आहे. ते अटळ आहे काय, हा आजच्या विषयाचा मूळ प्रश्न होय.

२००६ हे वर्ष मराठवाड्यातील प्रौढ माणूस विसरलेला नाही. त्या वर्षी देशात चिकुनगुन्याचे सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्ण नोंदले गेले. कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्र या राज्यांना त्याची मोठी झळ बसली. धडधाकट माणसे भिंतीचा आधार घेऊन चालू लागली. ताप उतरला तरी कित्येकांचे सांधे महिनोन् महिने धरलेले राहिले. हा रोग महाराष्ट्राला नवा नव्हता. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे त्याची साथ येऊन गेली होती. नंतर तीस वर्षे तो जणू दिसेनासा झाला आणि समाजाच्या स्मरणातूनही गेला. परंतु त्याचा वाहक असलेला एडिस डास कोठेही गेला नव्हता. तो आपल्याच हौदात, टाक्यांत आणि रांजणांत सुखाने नांदत होता. डेंग्यूही हाच डास पसरवतो आणि डेंग्यूचा विषाणू मारणारे खास औषध अद्याप वैद्यांच्या हाती नाही. म्हणून लढाई पाण्यातच जिंकावी लागते.

येथे मराठवाड्याचा एक विशेष ध्यानी घेतला पाहिजे. पाऊस जास्त पडतो तेथेच डास होतात, अशी सामान्य समजूत असते. प्रत्यक्षात टंचाईचा प्रदेशही तितकाच जोखमीचा आहे. आपल्याकडील अनेक शहरांत नळाला रोज पाणी येत नाही. मग गृहिणी करील तरी काय? ती पिंप भरून ठेवते, टाकी भरते, भांडीकुंडीही भरून ठेवते. यात तिचा दोष नाही. परंतु भर उन्हाळ्यातही एडिस डासाला घरोघर स्वच्छ, सावलीतले, निवांत पाणी मिळते ते यामुळेच. अंड्यापासून डास होण्यास साधारण सात ते दहा दिवस पुरतात. शिवाय या डासाची अंडी भांड्याच्या काठाला चिकटून महिनोन् महिने कोरडी राहू शकतात आणि पाणी लागताच त्यातून अळी बाहेर पडते. म्हणून पिंप नुसते ओतून देणे पुरत नाही, ते आतून घासावे लागते. ‘कोरडा दिवस पाळा’ या सरकारी घोषणेमागे एवढे शास्त्र आहे.

डासांची नोंद आपल्या पूर्वजांनी फार बारकाईने केली होती. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात सामुद्र, परिमंडल, हस्तिमशक, कृष्ण आणि पार्वतीय असे डासांचे पाच प्रकार सांगितले आहेत. मात्र त्यावरून हिवतापाचे कारण तेव्हाच ठाऊक होते, असा दावा करणे योग्य नव्हे. पूर्वजांचा अभिमान सत्याच्या पायावरच उभा राहिला पाहिजे. हिवतापाचा डासाशी असलेला संबंध उघड झाला तो १८९७ साली, आणि तोही आपल्यापासून फार दूर नव्हे. सेलूच्या स्थानकावरून जी रेल्वे सिकंदराबादकडे जाते, त्याच सिकंदराबादच्या लष्करी छावणीत रोनाल्ड रॉस या डॉक्टराने २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या जठराच्या भिंतीवर हिवतापाचे परजीवी पाहिले. हुसेन खान नावाच्या रुग्णाने त्यासाठी डासांकडून स्वतःला चावून घेतले होते आणि दर डासामागे त्याला एक आणा मिळत होता. सेलू तेव्हा निजामाच्या राज्यात होते. रॉसला पुढे १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

शत्रू सापडला, पण त्याला जिंकण्याचा मार्ग सरळ नव्हता. स्वातंत्र्याच्या वेळी देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि सुमारे आठ लाख माणसे दगावत, असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. घराघरांच्या भिंतींवर डीडीटीची फवारणी झाली आणि १९६५ पर्यंत रुग्णसंख्या एक लाखाच्या आसपास आली. हे यश लहान नव्हते. त्याने लक्षावधी जीव वाचवले. परंतु डास त्या औषधाला सरावले, यंत्रणेतही ढिलाई आली आणि १९७६ साली रुग्णांचा आकडा पुन्हा ६४ लाखांवर गेला.

सेलूच्या शेतकऱ्याला हा अनुभव निराळ्या शब्दांत सांगायला नको. हा कापसाचा मुलूख आहे. बोंडअळीवर फवारणी वाढवत नेली तेव्हा अळी औषधाला सरावली आणि अळीला खाणारे मित्रकीटक मात्र आधी मेले, हे त्याने आपल्या शेतात पाहिले आहे. १९७२ साली स्थापन झालेले परभणीचे कृषी विद्यापीठ एकात्मिक कीड व्यवस्थापन शिकवते, त्याचे सार हेच की शेतातील मित्रांना जपा. जे रानात खरे आहे, तेच पाण्यातही खरे आहे. डासाच्या अळीलाही पाण्यात शत्रू आहेत, आणि तिचे शत्रू हेच आपले मित्र होत.

हे मित्र कोण? पावसाळ्यानंतर शेतावर भिरभिरणारे चतुर आणि नाजूक टाचण्या आपण लहानपणापासून पाहतो. त्यांचे बालपण पाण्यात जाते आणि त्या काळात ते डासांच्या अळ्या खाऊन वाढतात. पाठीवर उताणे पोहणारे किडे, पाणभुंगेरे, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारे सायक्लॉप्ससारखे जीव आणि अनेक प्रकारचे लहान मासे हेही अळ्या खातात. अळीला श्वास घेण्यासाठी पाण्याच्या पृष्ठभागाशी यावे लागते आणि नेमकी तेथेच ती या भक्षकांच्या तावडीत सापडते. जुन्या तळ्यात कमळे असतात, मासे असतात, काठावर बेडूक असतात आणि तेथे डासांना मोकळे रान मिळत नाही. उलट, झाकण नसलेल्या सिमेंटच्या टाकीत अळीला खाणारे कोणीही नसते. म्हणजे पाणी साचले हा अर्धाच दोष. ते पाणी आपण निर्जीव केले, हा उरलेला अर्धा दोष होय.

या मित्रांमध्ये माणसाच्या सर्वांत उपयोगी पडला तो मासा. मुंबईचे उदाहरण पाहावे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या दाट वस्तीत हिवतापाने ठाण मांडले होते. डॉ. चार्ल्स बेंटली यांनी तपास करून १९११ साली अहवाल दिला. घराघरांतील विहिरी आणि पाण्याच्या टाक्या हे तेथील अ‍ॅनोफिलिस डासाचे माहेर आहे, असे त्यात दाखवून दिले होते. विहिरी बंद करण्याचे आदेश निघाले, तेव्हा धर्मकृत्यासाठी विहिरीच्या पाण्याला सूर्यप्रकाश लागतो, असा आक्षेप हिंदू आणि पारशी समाजांतून आला. विहिरीत मासे सोडणे, काही ठिकाणी झाकणात बारीक जाळीची झडप ठेवणे, असे उपाय त्यातून पुढे आले. श्रद्धा आणि आरोग्य यांचा मेळ शहाणपणाने बसवता येतो, याचे ते जुने उदाहरण आहे. मुंबई महापालिकेचे कीटकनियंत्रण खाते पुढेही विहिरी आणि कारंज्यांत गप्पी मासे सोडत आले आहे.

दुसरे उदाहरण गुजरातचे. १९८३ साली खेडा जिल्ह्यातील नडियाद तालुक्यात डॉ. विनोद प्रकाश शर्मा यांच्या मार्गदर्शनाखाली हिवताप संशोधन केंद्राने फवारणीऐवजी पर्यावरणाच्या मार्गाने हिवताप रोखण्याचा मोठा प्रयोग हाती घेतला. खड्डे बुजवले, पाणी वाहते केले, तळ्यांत गप्पी माशांची पैदास केली आणि त्याला खाण्याच्या माशांच्या संवर्धनाची जोड दिली. शास्त्रज्ञ आणि गावकरी एकत्र आले, हे त्या प्रयोगाचे बलस्थान होते. डॉ. शर्मा यांना पुढे पद्मश्री आणि पद्मभूषण या सन्मानांनी गौरवण्यात आले.

गप्पी हा मासा आता महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतही परिचित आहे. तो बोटाच्या पेरापेक्षा फार मोठा नसतो. त्याचे तोंड वरच्या बाजूस वळलेले असल्याने पृष्ठभागावरची अळी तो सहज टिपतो. पूर्ण वाढलेला गप्पी दिवसाला ८० ते १०० अळ्या खातो. तो अंडी न घालता पिले देतो, झपाट्याने वाढतो आणि गढूळ पाण्यातही तग धरतो. आरोग्य केंद्रांच्या आवारात गप्पी पैदासीचे हौद असतात आणि तेथून हे मासे मिळवता येतात. हौदाच्या लांबीच्या दर मीटरला पाच ते दहा मासे पुरेसे होतात. त्यांना वरून खाऊ घालू नये. पोट भरलेला मासा अळ्यांच्या मागे लागत नाही. पाण्यात जंतुनाशक भुकटी टाकायची असेल तर मासे आधी बाजूला काढावे लागतात. उन्हाळ्यात हौद आटला की मासेही जातात, म्हणून पावसाच्या आरंभी पुन्हा पाहणी करणे आवश्यक असते.

येथे एक सावधगिरी सांगणे अगत्याचे आहे. गप्पी दक्षिण अमेरिकेकडचा आणि गॅम्बुसिया उत्तर अमेरिकेतला. दोघेही परदेशी पाहुणे आहेत. गॅम्बुसिया भारतात १९२८ साली आणला गेला. तो अळ्या खातो हे खरे, पण देशी माशांची अंडी आणि पिले, बेडकांची पिलेही खातो. जगातील शंभर अत्यंत उपद्रवी परकीय जीवांच्या प्रसिद्ध यादीत त्याचे नाव आहे. म्हणून जे मासे हौदात शोभतात ते नदीत सोडू नयेत. दुधना पूर्णेला मिळते, पूर्णा गोदावरीला मिळते. आज ओंजळभर मासे दुधनेत सोडणाऱ्याने उद्या गोदामाईच्या देशी माशांवर संकट आणलेले असू शकते. स्वदेशीचा विचार येथेही लागू पडतो. गोव्यात १९९० च्या दशकात हिवतापाविरुद्ध जे प्रयोग झाले, त्यांत अ‍ॅप्लोकाइलस या देशी माशाचा उपयोग करण्यात आला. या कुळातील मासे भारताच्या ओढ्या-तळ्यांतले मूळ रहिवासी आहेत. डोक्यावर चांदीसारखा चमकणारा ठिपका, ही त्यांची खूण होय. ते पृष्ठभागाशीच वावरतात आणि अळ्या आवडीने खातात. मोकळ्या जलाशयात अशाच देशी माशांना जपावे आणि गप्पीला बंदिस्त हौदापुरतेच ठेवावे, ही विवेकाची वाट आहे.

गोव्याच्या त्या प्रयोगांत माशाच्या जोडीला एक जिवाणूही होता. १९७६ साली इस्रायलच्या नेगेव वाळवंटातील एका डबक्यात तो सापडला. त्याने तयार केलेले प्रथिन अळीच्या पोटात गेले की तिचे आतडे फाटते. मासे, गुरे आणि माणसे यांना मात्र त्यापासून अपाय होत नाही. मासा जेथे जगू शकत नाही अशा डबक्यांसाठी हा उपाय नगरपालिकांना उपलब्ध आहे.

मासे सोडले की काम संपले, असे मात्र कोणी समजू नये. जगभरातील अभ्यासांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१३ साली आणि पुन्हा २०१७ साली या उपायाचा आढावा घेतला. माशांमुळे काही ठिकाणी अळ्या घटतात, पण केवळ माशांमुळे हिवतापाचे रुग्ण घटतात असे सिद्ध करणारा भरवशाचा पुरावा मिळत नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. तो निराश होऊन नव्हे, तर समजून घेऊन स्वीकारला पाहिजे. हौदात मासे असतील आणि शेजारच्या गच्चीवर टायर पडलेला असेल, तर डास टायरमधून येणारच. एडिस डास फार दूर उडत नाही. तो बहुधा आपल्या किंवा शेजाऱ्याच्या घरातलाच असतो. म्हणून एका घराने कितीही काळजी घेतली तरी ते सुरक्षित होत नाही. पूर्ण गल्ली जागी झाली तरच प्रत्येक घर सुरक्षित होते. हे संघटनेचे काम आहे.

या दृष्टीने पाण्याचे तीन वर्ग करावेत. पहिले वाया जाणारे पाणी. न्हाणीचे, मोरीचे सांडपाणी गटारात तुंबते आणि हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास तेथे वाढतो. त्यावरचा उपाय शेजारच्या नांदेड जिल्ह्याने दाखवला आहे. हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे घेतले. सुमारे चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, त्यात दगडगोटे आणि मधोमध भोके पाडलेली सिमेंटची टाकी, एवढाच त्याचा खटाटोप. सांडपाणी जमिनीत मुरले, उघडी गटारे गेली आणि डासांचा आधारच गेला. पुढे हा प्रयोग जिल्हाभर पसरला. काळ्या मातीत पाणी सावकाश मुरते, म्हणून आपल्याकडे खड्डा मुरमापर्यंत नेणे आणि त्याचा गाळ वेळोवेळी काढणे हिताचे ठरेल. याच वर्गात शौचालयाच्या टाकीचा वाफेचा नळ येतो. त्याच्या तोंडाला जाळी बांधण्यास काही मिनिटेच लागतात.

दुसरे, वापरासाठी साठवलेले पाणी. पिण्याच्या रांजणात मासे सोडणे कोणाला रुचणार नाही आणि त्याची गरजही नाही. तेथे घट्ट झाकण हवे, आणि आठवड्यातून एक दिवस पिंप, रांजण, टाकी रिकामी करून घासून कोरडी करायला हवी. पाणीटंचाईत भरलेले पिंप ओतून देणे जिवावर येते, हे खरे. तेव्हा ते पाणी कापडातून गाळून दुसऱ्या भांड्यात घ्यावे, भांडे घासावे आणि गाळलेल्या अळ्या कोरड्या मातीवर टाकाव्यात. थेंबही वाया जात नाही.

तिसरे, साचलेलेच राहणारे पाणी: विहीर, बारव, मंदिराचे कुंड, गुरांचा हौद. हे पाणी जिवंत ठेवावे. सेलू तालुक्यातील वालूरची चक्राकार बारव सर्वांना ठाऊक आहे. अलीकडच्या वर्षांत गावकऱ्यांनी श्रमदानाने गाळ उपसून ती मोकळी केली. पूर्वजांच्या जलस्थापत्याचा असा ठेवा गावाने स्वतः वाचवावा, याहून आनंदाची गोष्ट कोणती? परंतु उपसलेली बारव पुन्हा निर्माल्य, प्लास्टिक आणि कचऱ्याने भरली तर तिचे डबके होते. तीत देशी मासे राहिले, पाणी निर्मळ राहिले, तर ती वारसाही जपते आणि आरोग्यही. याच बारवांच्या पायऱ्या उतरून लोक पाण्यात पाय बुडवत आणि नारू पसरे, हा इतिहासही विसरता कामा नये. डासांच्या अळ्या खाणारे सायक्लॉप्सच नारूचे वाहक होते. पाणी गाळून पिण्याच्या सवयीने आणि अथक पाहणीने देशाने तो रोग संपवला. १९९६ साली देशातील शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि २००० साली भारत नारूमुक्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले. डासाविरुद्धही हाच चिवटपणा लागेल.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ साली मुंबईत दिलेल्या व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले. व्यक्ती, समाज आणि सृष्टी यांचे हित परस्परविरोधी नसून परस्परपूरक आहे, हे त्याचे सूत्र. डासाच्या प्रश्नात त्याचा प्रत्यय येतो. निसर्गाने नेमून दिलेले रक्षक आपण मारले, हाकलले किंवा त्यांना राहायला जागा ठेवली नाही, तेव्हा धुराच्या यंत्राची वेळ आली. धूरफवारणीने उडणारे डास तात्पुरते मरतात, पाण्यातल्या अळीला तिचा धक्का लागत नाही. साथीच्या दिवसांत तिची गरज असते, परंतु ती रोजची भाकरी होऊ शकत नाही.

हिवताप २०३० पर्यंत देशातून हद्दपार करण्याचे राष्ट्राचे उद्दिष्ट आहे. ते दिल्लीतल्या कागदावर नव्हे, सेलूच्या गल्लीत पूर्ण होणार आहे. प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतील साचलेल्या पाण्याची यादी करावी. माता-भगिनींनी एक वार ठरवून गल्लीत एकाच दिवशी कोरडा दिवस पाळावा. आशाताई दारात आली तर तिला टाकी उघडून दाखवावी. ती आपल्याच लेकरांसाठी उन्हातान्हात फिरत असते. विद्यार्थ्यांनी काचेच्या बरणीत एक अळी आणि एक गप्पी ठेवून काय होते ते स्वतः पाहावे. एकदा पाहिलेले मूल घरच्या मोठ्यांना स्वस्थ बसू देत नाही.

यासाठी मोठा निधी लागत नाही; आठवड्यातला एक तास आणि शेजाऱ्याचे दार ठोठावण्याची तयारी लागते. मृगाच्या पहिल्या सरीआधी एवढे झाले, तर यंदा दवाखान्याच्या त्या बाकावर एखादी तरी आई कमी बसलेली दिसेल.